चंद्राचे खळे, शेताचे खळे

वाचकहो, सुगीच्या दिवसांतली एखादी रात्र डोळ्यांपुढे आणा. ठिकाण आहे ब्राह्मणपुरी. शहादे तालुक्यातले हे गाव १९९८ सालापासून नंदुरबार जिल्ह्यात मोडते. त्याआधी ते धुळे जिल्ह्यात होते. उत्तरेला सातपुड्याची काळी रांग, दक्षिणेला तापीचे खोरे, आणि मध्ये ही काळी कसदार जमीन. गावाच्या कडेला खळवाडी. तिथे ज्वारीची मळणी संपत आलेली, रास अजून उघड्यावर पडलेली, आणि राखणीला आलेली माणसे कडब्याच्या आडोशाला घोंगड्या पांघरून बसलेली.

आमच्या लहानपणी अशाच एका रात्री आजोबांनी वर पाहिले आणि म्हणाले, "आज चांदले खळं पडनं." चंद्राभोवती एक मोठे, फिकट, गोल कडे उमटले होते. आजोबा उठले, आणि त्यांनी सगळ्यांना उठवले. गोणपाट, जुनी लुगडी, कडब्याच्या पेंढ्या, जे हाती लागले त्याने रास झाकली. आम्हां पोरांना मोठी गंमत वाटली. रात्रभर पाऊस आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही. तेव्हा मी धीर करून विचारले, "आजोबा, पाऊस कुठं आला?" ते म्हणाले, "नाही आला तर नाही आला. झाकलेलं धान्य काही खराब होत नाही."

हे उत्तर मी विसरलो नाही. पण त्याहूनही त्यांचा तो एक शब्द मनात घर करून राहिला. आम्ही बसलो होतो ते खळे, आणि चंद्राभोवती पडले तेही खळेच. एकाच शब्दाने जमिनीवरची जागाही सांगायची आणि आकाशातले कडेही सांगायचे, हे कसे? आज आपण या एका शब्दाची हकीकत पाहू.

आधी जमिनीवरचे खळे. आजच्या पुष्कळ मुलांनी ते पाहिलेले नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पीक कापून झाले, की वाऱ्याची मोकळी जागा पाहून तिथली जमीन साफ करायची. मग पाणी मारून ती चोपायची आणि शेणाने सारवून घ्यायची. उन्हात वाळली की ती अंगणासारखी टणक होते. मधोमध एक खांब रोवायचा. त्याला कुणी तिवडा म्हणतात, कुणी मेढ. खांबाभोवती कणसे पसरायची, बैल शेजारी शेजारी जुंपून खांबाला बांधायचे आणि गोल गोल फिरवायचे. याला पात धरणे म्हणतात. बैलांनी धान्यात तोंड घालू नये म्हणून त्यांना मुसकी बांधतात. खुरांखाली कणसे तुडवली जातात आणि दाणा मोकळा होतो. मग कुणी वावडीवर उभे राहून टोपलीने धान्य वाऱ्यावर सोडतो. भूस उडून जाते, दाणा पायाशी पडतो. बैल गोल फिरतात म्हणून खळेही गोलच होते.

या जागेला मान असे. खळ्यात कुणी चपला घालून येत नसे. राशीची पूजा झाल्याशिवाय धान्य घरी नेत नसत. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार यांचे वर्षाचे बलुते पुष्कळ गावी खळ्यावरच मोजून दिले जाई. गावाच्या साऱ्या वर्षाचा हिशेब या गोलात होत असे म्हणा ना.

हा शब्द किती जुना? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 'खल' हा शब्द याच अर्थाने आला आहे. तिथे इंद्र सांगतो, की खळ्यावर पेंढ्या झोडाव्यात तसे मी शत्रूंना झोडतो. म्हणजे ज्या शब्दाने आमच्या आजोबांनी आम्हांला जागे केले, तो शब्द तीन हजार वर्षे तरी शेतकऱ्याच्या तोंडी आहे. मेढ हा शब्दही असाच जुना. अमरकोशात 'मेधि' म्हणजे खळ्यात जनावर बांधण्यासाठी रोवलेले लाकूड, असे दिले आहे. दुसऱ्याचे वाईट चिंतणारा तो 'खळ', हा शब्द कानाला सारखा लागतो, पण तो अर्थाने निराळा. त्याची इथे गल्लत करू नये.

आता जमिनीवरून वर पाहू. इंग्रजीत चंद्रसूर्याभोवतीच्या कड्याला 'हेलो' म्हणतात. टेलिफोन उचलून आपण 'हॅलो' म्हणतो, तो शब्द वेगळा. त्याचा आणि याचा संबंध नाही. हा 'हेलो' इंग्रजीत आला सोळाव्या शतकात, लॅटिनमधून. आणि लॅटिनने तो घेतला ग्रीक भाषेतून. मूळ ग्रीक शब्द 'हालोस'. त्याचा पहिला अर्थ काय असावा? खळे! धान्य मळण्याची गोल जागा. मग सूर्यचंद्राची तबकडी, आणि मग त्यांच्याभोवतीचे कडे.

कुठे ग्रीस आणि कुठे खानदेश! 'हालोस' आणि 'खल' या शब्दांचे एकमेकांशी नाते आहे असे सिद्ध झालेले नाही. दोन्ही लोकांनी आपापल्या जागी, आपापल्या शब्दाने हीच उपमा केली. ग्रीक शेतकरीही टेकडीवरची वाऱ्याची जागा पाहून, दगडी फरशी करून, तिच्यावर बैल गोल फिरवीत असे. रात्री त्याने वर पाहिले, आणि त्यालाही तेच दिसले जे आमच्या आजोबांना दिसले. ज्याच्या पायाखाली खळे असते, त्याला आकाशातही खळेच दिसते.

कुणी म्हणेल, ही जुळवाजुळव तुम्ही आज करता आहात. तसे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेनेका नावाचा रोमन लेखक होऊन गेला. सृष्टीतील चमत्कारांवर त्याने एक ग्रंथ लिहिला आहे. त्यात तो साफ सांगतो, की ग्रीकांनी या प्रकाशाच्या कड्याला खळ्याचे नाव दिले, कारण धान्य मळायच्या जागा बहुधा गोल असतात. सेनेकाच्या लॅटिन भाषेत खळ्याला शब्द होता 'आरेआ'. त्याचाच पुढे इंग्रजीत 'एरिया' झाला. आता आपल्या चौकातला एखादा तरुण छाती काढून म्हणतो, "हा आपला एरिया आहे," तेव्हा शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहिले, तर तो बिचारा "हे आपले खळे आहे" एवढेच म्हणत असतो!

खळ्याची ही उपमा चंद्रापाशीच थांबली नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधात ध्रुवाचे वर्णन आहे. खळ्यातल्या मेढीला बांधलेली जनावरे जशी तिच्याभोवती आपापल्या जागी राहून फिरतात, तशी सारी ग्रहनक्षत्रे ध्रुवाभोवती फिरतात, असे तिथे सांगितले आहे. कुणी जवळून फिरतो, कुणी लांबून, पण खांब मात्र जागचा हलत नाही. इकडे रोमन लोक उत्तरेकडच्या सात ताऱ्यांना, म्हणजे आपल्या सप्तर्षींना, 'सात बैल' म्हणत. त्यावरून त्यांनी उत्तर दिशेलाच ते नाव दिले. एकाला ध्रुव मेढीसारखा दिसला, दुसऱ्याला सप्तर्षी बैलांसारखे दिसले. आकाश समजून घेताना माणसाने आधी आपले शेतच वर नेऊन मांडले, असे दिसते.

पंडितांचा शब्द अर्थात वेगळा होता. संस्कृत ज्योतिषग्रंथांत चंद्रसूर्याच्या कड्याला 'परिवेष' म्हणतात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत त्याच्यावर एक अध्यायच लिहिला आहे. आकाशात विरळ ढग असताना सूर्यचंद्राचे किरण वाऱ्यामुळे गोलाकार होऊन नाना रंगांचे परिवेष दिसतात, असे तो म्हणतो. मग कोणत्या रंगाच्या परिवेषाने काय फळ मिळेल, राजाला काय, पिकाला काय, याची मोठी यादी येते. त्या यादीवर आज कुणी विश्वास ठेवू नये. पण 'विरळ ढग' हे त्याने अचूक हेरले होते, याची नोंद घेतली पाहिजे. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटलने या कड्याची चर्चा केली होती आणि त्याचा पावसाशी संबंध जोडला होता.

मग खरे कारण काय? जमिनीपासून सहा-सात किलोमीटर किंवा त्याहून उंच, जिथे पाणी गोठलेले असते, तिथे कधी कधी ढगांचा अगदी पातळ पडदा पसरतो. तो इतका पातळ असतो, की चंद्र त्यातून स्वच्छ दिसतो. हा पडदा बर्फाच्या बारीक स्फटिकांचा असतो, आणि स्फटिक असतात सहा बाजूंचे, न तासलेल्या पेन्सिलीसारखे. प्रकाशाचा किरण एका बाजूने आत शिरतो आणि एक बाजू सोडून पुढच्या बाजूने बाहेर पडतो. या प्रवासात तो सुमारे २२ अंशांनी वळतो. त्याहून कमी वळणे त्याला शक्यच नसते. म्हणून चंद्रापासून २२ अंशांवर प्रकाशाची गर्दी होते आणि कडे दिसते. कड्याच्या आतले आकाश जरा काळसर राहते. कड्याची आतली किनार नीट पाहिली तर तांबूस असते. स्फटिकांच्या आकारावरून हे कारण सतराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ मारियॉत याने सुचवले.

२२ अंश म्हणजे किती, हे मोजायला यंत्र लागत नाही. हात समोर ताठ धरा, पंजा पसरा, अंगठ्याचे टोक चंद्रावर ठेवा. करंगळीचे टोक जिथे जाईल, त्याच्या आसपास कडे असेल. चंद्रबिंबाची रुंदी अर्धा अंश धरली, तर चंद्रापासून कड्यापर्यंतच्या जागेत चव्वेचाळीस चंद्र ओळीने मांडता येतील. एवढे मोठे खळे ते! सूर्यालाही असेच खळे पडते. २४ मे २०२१ रोजी बंगळूरात भर दुपारी ते दिसले आणि हजारो लोकांनी त्याची छायाचित्रे एकमेकांना धाडली. मात्र सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नका. झाडाच्या किंवा इमारतीच्या आड सूर्यबिंब झाकून मगच कडे पाहावे.

आता पावसाचा प्रश्न. आपल्याकडची जाणती माणसे सांगतात, खळे लांब तर पाऊस जवळ, आणि खळे जवळ तर पाऊस लांब. यात तथ्य किती? २२ अंशांचे कडे नेहमी तेवढेच असते, ते जवळ-लांब होत नाही. पण चंद्राला अगदी चिकटून जे लहानसे रंगीत तेज दिसते, ते कडे दुसऱ्या जातीचे. ते बहुधा ढगांतल्या पाण्याच्या थेंबांमुळे पडते. म्हणजे 'लांबचे' आणि 'जवळचे' अशी दोन खळी खरोखरच निराळी आहेत, आणि आपल्या म्हाताऱ्यांनी ती ओळखली होती. मोठे कडे उंच ढगांचे. वादळी ढगांचे माथे फुटून असे पातळ ढग लांबवर पसरतात. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या थंड हवेच्या गडबडीच्या पुढेही ते धावतात. तेव्हा मोठ्या खळ्यानंतर हवा पालटण्याचा संभव असतो. निश्चिती मात्र नसते. पुष्कळदा नुसते ढग येतात आणि जातात.

पण उघड्यावर रास पडलेल्या माणसाचा हिशेब वेगळा असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली, ती ज्यांनी पाहिली त्यांना हे समजावून सांगायला नको. हाताशी आलेले पीक दोन घटकांत मातीमोल झाले. दहा वेळा रास झाकली आणि नऊ वेळा पाऊस आला नाही, तर नुकसान एवढेच, की नऊ रात्रींची झोपमोड झाली. दहाव्या वेळी मात्र वर्ष वाचले. आजोबांच्या उत्तराचा अर्थ मला पुढे असा उलगडला. वरचे खळे खालच्या खळ्याची राखण करीत होते.

आता थोडे देवघरात जाऊ. चंद्राच्या कड्यासारखे तेज माणसाने देवांच्या आणि थोर पुरुषांच्या मस्तकामागेही दाखवले. कुशाण काळातल्या मथुरेच्या बुद्धमूर्तींमागे गोल प्रभामंडल कोरलेले आहे. लांब जायला नको. खानदेशच्या दक्षिणेला लागून असलेल्या डोंगरात अजिंठ्याची लेणी आहेत. तिथल्या दहाव्या लेण्यात खांबांवर बुद्ध रंगवले आहेत, त्यांच्या मस्तकांमागेही हे तेज आहे. ख्रिस्ती चित्रकारांनी संतांमागे कडे काढले. युरोपातली अशी चित्रे मोगल दरबारात पोहोचल्यावर सतराव्या शतकात जहांगीर बादशहाच्या चित्रांतही त्याच्या मस्तकामागे तेजाचे कडे आले. पुढे १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, आणि तेजोवलय असलेले देव छापील चित्रांतून घरोघर भिंतीवर आले.

आपल्या देवघरातला शब्द आहे 'प्रभावळ'. देवामागे पितळेची किंवा लाकडाची नक्षीदार कमान असते, ती प्रभावळ. मूळ शब्द प्रभावली, म्हणजे तेजाची ओळ. पण बोलण्यात हा शब्द देवापाशी थांबला नाही. एखाद्या पुढाऱ्याभोवती जी माणसे सतत असतात, त्यांनाही आपण त्याची प्रभावळ म्हणतो. तिसरा शब्द 'वलय'. वलय म्हणजे कडे, बांगडी, तो मनगटावरचा. नट, खेळाडू, गायक यांना वर्तमानपत्रे 'वलयांकित' म्हणतात. खळे शेतातले, प्रभावळ देवघरातली आणि वलय मनगटावरचे. एकाच गोष्टीला मराठीने तीन घरांतून तीन शब्द आणले, आणि तिघांना तीन कामे दिली. 'पुढाऱ्याला खळे पडले' असे कुणी म्हणत नाही, आणि 'चंद्राची प्रभावळ' असे शेतकरी म्हणणार नाही.

माणसाभोवतीच्या या वलयाने डोळे दिपतात, हेही शास्त्रज्ञांनी तपासले आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली एक निबंध प्रसिद्ध केला. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव अशा निरनिराळ्या गुणांसाठी कसे गुण दिले, ते त्याने पाहिले. जो एका बाबतीत चांगला ठरला, त्याला बाकीच्या बाबतींतही चांगलेच गुण दिलेले आढळले. या चुकीला त्याने त्याच 'हेलो'चे नाव दिले. म्हणजे ग्रीक शेतकऱ्याच्या खळ्यावरचा शब्द आज कचेरीत नोकरीच्या मुलाखतीपर्यंत येऊन पोहोचला आहे. माणूस दिसायला रुबाबदार, बोलायला गोड, म्हणून तो प्रामाणिकही असेल असे धरून चालू नये, एवढा धडा त्यातून घ्यावा.

शेवटी पुन्हा गावाकडे येऊ. शहादे तालुक्याच्या शिवारात आता ऊस, कापूस, पपई, केळी ही पिके दिसतात. यांतल्या एकालाही खळे लागत नाही. गहू आणि ज्वारी आहे, पण मळणीयंत्र शेतावर येते, दाणा पोत्यात पडतो आणि पोते थेट घरी किंवा बाजारात जाते. यंत्राने शेतकऱ्याचे कष्ट वाचवले, बैलांचे वाचवले, रात्रीची राखण वाचवली. हे चांगलेच झाले. कुणी पुन्हा बैलांची पात धरावी असे मी म्हणणार नाही. खळवाड्यांत आता कडबा रचतात, गुरे बांधतात, कुठे घरेही उभी राहिली आहेत. खळवाडी हे नाव तेवढे उरले आहे.

पण जमिनीवरचे खळे गेले, की आकाशातल्या खळ्याचा अर्थही पुसट होतो. परवा एका शाळकरी मुलाला विचारले, चंद्राभोवती काय दिसते रे? तो म्हणाला, "हेलो." उत्तर बरोबरच होते. मी विचारले, खळे म्हणजे काय? त्याला सांगता येईना. ग्रीक शेतकऱ्याचे खळे त्याला इंग्रजीच्या वाटेने मिळाले होते. त्याच्या स्वतःच्या पणजोबांचे मात्र त्याला ठाऊक नव्हते. चूक त्याची नाही. आपण सांगितले नाही, म्हणून त्याला ते कळले नाही.

म्हणून वाचकहो, एक छोटेसे काम सांगतो आणि आपली रजा घेतो. चंद्राभोवती असे कडे दिसेल त्या रात्री घरातल्या मुलांना अंगणात किंवा गच्चीवर घेऊन जा. त्यांना हात पसरून अंतर मोजायला लावा. हे बर्फाच्या कणांनी घडते, हे सांगा. आणि मग सांगा, की याला आपल्याकडे खळे म्हणतात, कारण आपल्या माणसांचे धान्य अशाच गोल जागेवर तयार होत असे आणि त्याच्या राखणीला बसून ती आकाशाकडे पाहत असत. एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतील. आणि हो, अंगणात काही वाळत घातलेले असेल, तर येताना ते झाकून या.